हिवरदरी तांड्याच्या शाळेतला तांबडा तारा

दिनांक : ५ जानेवारी २०२६

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, पिंपळदरा,
जिल्हा यवतमाळ.

अर्जदार : श्रीमती फरीदा जमीर बेग, वय ७३ वर्षे, सेवानिवृत्त सहायक शिक्षिका, रा. आर्णी, जि. यवतमाळ.

विषय : जि. प. प्राथमिक शाळा, हिवरदरी तांडा येथील अंगणाच्या भिंतीवरील लहान तांबड्या ताऱ्याचे चित्र व त्याखालची एक ओळ चुन्याने न पुसण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे मुख्याध्यापकांस पत्र, दि. १९ डिसेंबर २०२५. २) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. त्यांचे उत्तर कागदावर मिळाले नाही, भिंतीवर मिळाले.

माननीय महोदय,

१. अर्जदार ही वरील शाळेत जून १९७९ पासून बारा वर्षे शिक्षिका होती. त्या काळी शाळा म्हणजे कवेलूच्या छपराच्या दोन खोल्या. एसटी फाट्यावर सोडत असे आणि तिथून दीड मैल पायी. पावसाळ्यात चपला हातात आणि खडूची पेटी डोक्यावर, असे अर्जदार जात असे. पुढे बदल्या झाल्या, २०१० साली निवृत्ती झाली. परंतु पहाटे जाग आली की अंथरुणातच ती हिवरदरीची हजेरी मनात घेते. उत्तमसिंग, धरमसिंग, हिरासिंग, रुक्मा, अशी एक्केचाळीस नावे ओळीने येतात. चौथीच्या वर्गात एका नावापाशी हजेरी दररोज अडते. ते नाव मानी नेमसिंग. हा अर्ज त्या अडलेल्या नावाबद्दल आहे. कार्यालयात अर्जाचे पहिले पान वाचून बाजूला ठेवण्याची रीत अर्जदाराला ठाऊक आहे, म्हणून हे आधीच सांगितले.

२. घटना सोमवार, दिनांक १७ मार्च १९८६ ची. त्या महिन्यात शेंडीच्या ताऱ्याची, म्हणजे धूमकेतूची, बातमी घरोघर होती. शहात्तर वर्षांनी येणारा पाहुणा पाहायला तांड्यातली माणसे पहाटे उठून टेकडीवर जात. त्यामुळे वर्गात आकाशाचे प्रश्न फार येऊ लागले. अर्जदाराने त्या दिवशी फळ्यावर सूर्य काढून सांगितले की आकाशात सूर्याहून लहान आणि थंड असे पुष्कळ तारे आहेत, पण त्यांच्याजवळ पुरेशी ऊब नाही, म्हणून तिथे पाणी गोठलेलेच असणार आणि आपल्यासारखी जमीन त्यांच्याभोवती शोधणे व्यर्थ आहे. हे पुस्तकात नव्हते. अर्जदाराने आपल्या अकलेने आणि मोठ्या खात्रीने सांगितले होते.

तेव्हा मानी उभी राहिली. तिचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरलेल्या लोकांपैकी शेवटचा. मुक्कामाला शेकोटी केवढी पेटवायची आणि तिच्याभोवती कोणी कुठे बसायचे, हे त्या घरात पोरांना बोलायला लागण्याआधी कळत असे. लाकूड थोडे असले की आग लहान, आणि आग लहान असली की सारे जण सरकून जवळ बसायचे. मानी म्हणाली, "बाई, आग लहान असली तं जवळ बसा लागते ना?" आणि लगेच पुढे जोडले, "फक्त पाठ गार राह्यते."

वर्ग हसला. अर्जदाराला वाटले, पोरगी वर्गाला हसवायला बोलते आहे. अर्जदाराने तिला अंगणात, दक्षिणेच्या भिंतीपाशी उभे केले. मार्चचे ऊन होते. अर्जदार मुलांच्या वह्या तपासत बसली आणि शाळा सुटेपर्यंत तिला आत बोलवायचे विसरली. दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटावर मानीच्या नावासमोर गैरहजेरीची खूण आहे आणि ती वर्ष संपेपर्यंत आहे. पुढल्या वर्षी तिचे नाव पटावरून कमी झाले. ते कमी करणारी सही अर्जदाराचीच आहे.

३. अर्जदाराला हे तीस वर्षे विशेष वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. शिक्षकाच्या हातून पोरे उन्हात उभी राहत, कोंबडा होत, छडी खात. तो काळच तसा होता, असे म्हणून आपण सारे सुटतो. परंतु फेब्रुवारी २०१७ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली की सुमारे चाळीस प्रकाशवर्षे अंतरावर एका लहान, थंड, तांबड्या ताऱ्याभोवती सात ग्रह सापडले आहेत, साधारण आपल्या पृथ्वीएवढे, आणि त्यांतले काही असे की तिथे पाणी वाहते राहू शकेल. ते ताऱ्याच्या इतके जवळ आहेत की सर्वांत बाहेरच्या ग्रहाचे वर्षही तीन आठवड्यांच्या आत संपते. अर्जदाराच्या हातातला चहा तसाच निवला. ग्रह जवळ सरकून बसले होते.

४. त्यानंतर अर्जदाराने आर्णीच्या वाचनालयात या विषयावर जे मिळाले ते वाचले, आणि जे मिळाले नाही ते नातीकडून मोबाइलवर वाचून घेतले. कार्यालयाने चित्रावर "चुकीची माहिती" असा शेरा मारलेला असल्यामुळे थोडक्यात खरी माहिती सांगणे भाग आहे.

आपल्या आकाशगंगेत चार तारे मोजले तर त्यांतले जवळजवळ तीन असेच लहान, तांबडे आणि सूर्याच्या मानाने थंड निघतात. आपला सूर्य हा नेहमीचा तारा नव्हे. नेहमीचे तारे ते. असा तारा लहान असल्यामुळे ग्रह समोरून गेला की त्याचा उजेड लगेच उणा झालेला कळतो, जसा कंदिलापुढून पाकोळी गेल्यावर कळावा. अशा हजारो ताऱ्यांवर दुर्बिणीने नजर ठेवून माणसांनी हिशेब मांडला. आपल्या पृथ्वीएवढा, ना फार तापलेला ना गोठलेला ग्रह, काहींच्या गणिताने सहा ताऱ्यांमागे एकाभोवती असावा, काहींच्या गणिताने त्याहून जास्त, काहींच्या कमी. अगदी कमी धरले तरी आकाशगंगेत असे ग्रह कोट्यवधी होतात. म्हणजे जिथे शोधणे व्यर्थ असे अर्जदाराने सांगितले, तिथेच त्या जागा सर्वांत जास्त आहेत.

मानीचे दुसरे वाक्यही खरे ठरण्याची शक्यता मोठी आहे. इतक्या जवळ बसलेला ग्रह स्वतःभोवती मोकळा फिरत नाही. बहुधा त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते. तोंड शेकते आणि पाठ गार राहते. ज्या वाक्याला वर्ग हसला, त्यावर आज मोठमोठे लोक गणिते करत आहेत.

अर्जदार वाढवून सांगत नाही. असे तारे तरुणपणी फार भडकतात, त्यांच्या ज्वाळांनी जवळच्या ग्रहावरची हवा उडून गेली असेल अशी शंका आहे, आणि त्या सातांपैकी कशावर हवा आहे याचा तपास अजून चालू आहे. राहण्याजोगी जागा आणि राहती वस्ती यांतला फरक अर्जदाराला कळतो. तिने भिंतीवर वस्ती दाखवलेली नव्हती.

५. जून २०२५ मध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, मुख्याध्यापक श्री. भीमराज यांच्या तोंडी परवानगीने अर्जदाराने दक्षिणेच्या त्याच भिंतीवर हे चित्र काढवून घेतले. रंगकाम अर्जदाराचा भाचा परवेज याने केले, जो आर्णीत दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवतो. मधोमध लहान तांबडा तारा, त्याला चिकटून सात ग्रह, प्रत्येकाची अर्धी बाजू उजळ आणि अर्धी काळी. खाली एक ओळ :

"आग लहान असली तर जवळ बसावे लागते. — मानी नेमसिंग, इयत्ता चौथी, सन १९८६."

मानीबाई आता पन्नाशीची आहे. लग्न होऊन ती कोसभरावरच्या तांड्यात गेली. तिथली शाळा बंद पडून पोरे हिवरदरीला येऊ लागली, त्यामुळे नातीला सोडायला ती रोज येते, फाटकाबाहेरच्या पळसाखाली उभी राहते आणि पोरगी आत गेली की परत जाते. मुख्याध्यापक सांगतात की पालकसभेलाही ती आत आलेली नाही. चित्र काढण्याआधी, त्याच जूनमध्ये अर्जदार तिला फाटकाशी भेटली आणि माफी मागू लागली, तर तिने फार वेळ ऐकून घेतले नाही. एवढेच म्हणाली, "मी काय बोलली होती ते मले याद नाही, बाई. ऊन याद हाये." आणि निघून गेली.

महोदय, या वाक्यानंतर अर्जदाराला समजले की तो प्रश्न आता जगात एकाच डोक्यात शिल्लक आहे, आणि ते डोके त्र्याहत्तर वर्षांचे आहे. म्हणून भिंत.

६. यापुढचे वर्णन आपल्या कार्यालयातील कागदांवरून ताडून पाहावे. ८ जुलैला केंद्रप्रमुखांनी भेट देऊन शेरा लिहिला की चुकीची माहिती आहे, सूर्य तांबडा व लहान काढला आहे, तो पिवळा व मोठा करावा. हा सूर्य नव्हे, असा अर्जदाराने पहिला अर्ज केला. ऑगस्टमध्ये तारा पिवळा झाला. करणारा परवेजच. अर्जदार त्याच्यावर रागावली, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "फूफी, साहब का कागज है. पीला बोले तो पीला." त्याच्या हातात सरकारी कागद पहिल्यांदाच पडला होता, त्याला दोष देता येत नाही.

अर्जदाराने दुसरा अर्ज केला. सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापकांना असे कळवण्यात आले की ग्रह सूर्याच्या फार जवळ असल्याने जळून जातील, तरी ते योग्य अंतरावर न्यावेत. ग्रह भिंतीच्या दोन्ही टोकांना गेले. तिसऱ्या अर्जानंतर ग्रह सातच असल्याचे लक्षात आले आणि आठवा वाढवण्यात आला. जागा नसल्यामुळे तो पाण्याच्या टाकीवर आहे. चौथ्या अर्जानंतर प्रत्येक ग्रहाची काळी बाजू "अस्वच्छ दिसते" म्हणून रंगवली गेली. आज त्या भिंतीवर कोणत्याही शाळेत असते तशी सूर्यमाला आहे, आणि तिच्याखाली लहान आगीची ओळ आहे.

आणि आता १९ डिसेंबरच्या पत्रात तीन कारणे देऊन सारी भिंत २० जानेवारीच्या आत पांढरी करण्यास सांगितले आहे. पहिले कारण, शाळेच्या भिंतीवर थोर व्यक्ती किंवा देणगीदार यांचेच नाव लिहिता येते, आणि सदर महिला यांपैकी कोणी नाही. दुसरे, तिने सदर विधान केल्याचा लेखी पुरावा नाही. तिसरे, चित्र आणि मजकूर यांचा मेळ बसत नाही.

तिसऱ्या कारणाबद्दल एवढेच. मेळ होता. तो चार महिन्यांत, चार हुकुमांनी, आपल्याच कार्यालयाने मोडला.

७. अर्जदार यासंबंधी आपल्या कार्यालयात पाच वेळा आली. आर्णीहून पिंपळदऱ्याला सकाळची एक बस आहे आणि दुपारची एक. तीन वेळा साहेब बैठकीला गेलेले होते. एकदा फाइल बैठकीला गेलेली होती. पाचव्या वेळी आवक लिपिकाने विचारले की हा तांबडा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो का. अर्जदाराने खरे ते सांगितले, की नाही. त्या जातीचा एकही तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा त्याच जातीचा, तरी तोही दिसत नाही. यावर लिपिक म्हणाला, "मॅडम, जे दिसतच नाही ते पांढरं केलं तं काय फरक पडते?"

बाकावर बसलेले चारपाच जण हसले. अर्जदाराला ते हसणे ओळखीचे वाटले. चाळीस वर्षांपूर्वी असाच वर्ग हसला होता, आणि ती तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होती.

लिपिकावर तक्रार नाही. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी सुचले नव्हते, ते इथे नोंदवते. जे डोळ्यांना दिसत नाही तेच लिहून ठेवावे लागते. दिसते त्याला भिंत लागत नाही.

८. लेखी पुराव्याबद्दल. इयत्ता चौथीच्या पोरीने वर्गात विचारलेल्या प्रश्नाची पावती कोणत्या शाळेत मिळते, हे आपल्या कार्यालयाने कळवावे. अर्जदाराकडे जो पुरावा आहे तो सोबत जोडला आहे : मार्च १९८६ च्या हजेरीपटाची झेरॉक्स. सतरा तारखेला हजर. अठरापासून गैरहजर. त्या दोन खुणांच्या मध्ये काय घडले, हे सांगणारी माणसे दोन. एकीला ऊन आठवते, दुसरीला प्रश्न. दोघींच्या जबान्या एकत्र केल्या तर घटना पुरी होते.

२१ डिसेंबरला अर्जदार मानीबाईच्या घरी गेली. पुसण्याचा हुकूम आला आहे, हे तिला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगावे असे वाटले. दारापुढे काट्याकुट्यांचा जाळ होता, दोनचार काटक्यांचाच. मानीबाईने बसायला पोते टाकले. या वेळी अर्जदाराने माफीपासून सुरुवात केली नाही. वर्ग कसा बसला होता, फळ्यावर काय होते, मानी कोणत्या रांगेत होती, तिने काय विचारले आणि पाठीचे काय म्हणाली, हे सारे जसेच्या तसे सांगितले. आणि मग दूरच्या तांबड्या ताऱ्यांचे सांगितले, की तसे किती आहेत आणि त्यांच्याभोवती जवळ सरकून बसलेली जमीन किती ठिकाणी असू शकते.

मानीबाईने सारे ऐकून घेतले. जाळातली काटकी पुढे सारली. म्हणाली, "बरोबरच तं म्हणलं होतं मी. हे समजाले तुमाले चाळीस वर्सं काहून लागले, बाई?"

 अर्जदाराने पोते जाळाजवळ ओढून घेतले. संध्याकाळ गारठ्याची होती आणि आग खरोखरच लहान होती.

निघताना मानीबाई फाट्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "ते लिवलेलं राहू द्या. सव्वीस जानेवारीले झेंड्याच्या टायमाले येतो मी आत. चौथीपर्यंतचं वाचता येते मले."

२० जानेवारीला भिंत पांढरी होणार आहे, आणि मानीबाई २६ जानेवारीला फाटकाच्या आत येणार आहे. अर्जदाराने तिच्यापासून हुकूम लपवला नाही, पण भिंत वाचवीन असे तोंडातून निघून गेले आहे. शिक्षिका असताना अर्जदाराने तिला एकदा चुकीचे सांगितले. आता दुसऱ्यांदा खोटे ठरण्याची अर्जदाराची तयारी नाही.

९. म्हणून विनंती अशी. चित्र पुन्हा तांबडे करावे, ग्रह जवळ आणावेत, टाकीवरचा आठवा टाकीवरच राहिला तरी चालेल. तेवढे होत नसेल तर पिवळा सूर्यही पांढरा करावा, अर्जदार अडवणार नाही. पण खालची ओळ आणि नाव राहू द्यावे.

नावाची अडचण नियमात बसवून सोडवता येते. थोर व्यक्ती म्हणून मानीबाईचा दाखला आणणे अर्जदाराला शक्य नाही. परंतु देणगीदाराचे नाव चालते, असे आपलेच पत्र म्हणते. सदर शाळेत तीन पंखे आहेत आणि तिन्हींवर देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांतला एक पंखा तीन वर्षांपासून फिरत नाही, नाव मात्र शाबूत आहे. कपाटावर नाव आहे, कपाटाला कुलूप नाही. पाणी गाळण्याच्या यंत्रावर धरमसिंग याचे नाव आहे, जो मानीच्याच वर्गात होता आणि त्या दिवशी सर्वांत मोठ्याने हसला होता. या साऱ्या वस्तूंची शाळेच्या भेटवस्तू नोंदवहीत नोंद आहे. त्याच वहीत पुढील नोंद घेण्याचा आदेश मुख्याध्यापकांस व्हावा :

वस्तूचे नाव : एक प्रश्न, उत्तरासह.
देणार : कु. मानी नेमसिंग, इयत्ता चौथी.
दिल्याचा दिनांक : १७ मार्च १९८६.
सद्यस्थिती : चालू.
स्वीकारल्याचा दिनांक : (रिकामा ठेवला आहे. तो शाळेने भरावा, शक्यतो २० जानेवारीच्या आत.)
विलंबाचे कारण : या रकान्यात अर्जदाराचे नाव लिहावे.

उत्तर मिळेपर्यंत सकाळच्या बसने येऊन आपल्या कार्यालयाच्या बाकावर बसणारी,

नम्र अर्जदार
(सही)
फरीदा जमीर बेग
आर्णी

सोबत :
१) हजेरीपट, इयत्ता चौथी, मार्च १९८६, झेरॉक्स.
२) भिंतीची पाच छायाचित्रे, जून ते डिसेंबर २०२५, उतरत्या क्रमाने पाहावीत.
३) आर्णी येथील वाचनालयाचा दाखला, की अर्जदाराने सदर विषयाची पुस्तके नेली व वेळेवर परत केली.
४) रंगारी परवेज याचे निवेदन, की तांबड्या रंगाचा अर्धा डबा त्याच्याकडे शिल्लक आहे व तो वाळू नये म्हणून झाकण घट्ट लावून ठेवले आहे.